बॅचची चाळीस वर्षांची स्मरणिका काढतोय, पण लोक लिहीत नाहीत. मार्गदर्शन हवं

गड्डीगोदाम:
नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका कॉलेजातून १९८६ ला बी.एस्सी. झालेली आमची बॅच. मूळ यादीत ७२ नावं. त्यातल्या ४९ जणांशी संपर्क झाला आहे, ६ जण गेल्याचं कळलं आणि १७ जणांचा काहीच पत्ता नाही. जानेवारीत दोन दिवस भेटायचं आणि तेव्हाच स्मरणिका प्रत्येकाच्या हातात द्यायची असं ठरलंय. संपादनाचं काम माझ्याकडे आलं आहे आणि ते मला मनापासून नीट करायचंय.

सगळ्यांना गूगल फॉर्म पाठवला. प्रश्न तीन: ‘आपल्या कारकिर्दीचा आढावा’, ‘कौटुंबिक माहिती’ आणि ‘मैत्रीबद्दल मागे वळून पाहताना काय वाटतं’. सहा आठवड्यांत ११ उत्तरं आली. त्यातली बहुतेक बायोडेटासारखी आहेत, आणि मैत्रीच्या रकान्यात सगळ्यांनी ‘ते सोनेरी दिवस’ एवढंच लिहिलंय.

विचारायचं ते असं. लोकांना लिहितं कसं करायचं? राहिलेले १७ कसे शोधायचे? जुने फोटो छापण्याजोगे कसे करायचे? आणि ८०-१०० प्रतींसाठी छपाई कशी ठरवायची? ज्यांनी अशी कामं केली आहेत त्यांनी सविस्तर सांगावं.

---

रामदासपेठ:
ताई, लोक लिहायला तयार असतात. तुमच्या फॉर्ममधले प्रश्न त्यांना अडवतात.

‘कारकिर्दीचा आढावा’ म्हटलं की माणूस हुद्दे आणि बदल्यांची गावं लिहितो, कारण आढावा म्हणजे तेच. शिवाय ‘कारकीर्द’ हा शब्द वाचून बॅचमधल्या निम्म्या मुली तिथंच थांबत असतील. जिनं लग्नानंतर नोकरी सोडली, जिनं सासूचं दुखणं पंधरा वर्षं काढलं, तिला वाटतं आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. शेती करणाऱ्याचं आणि दुकान चालवणाऱ्याचंही तेच होतं. तो मथळा काढा आणि ‘चाळीस वर्षं दिवसभर काय काम केलं’ असं साधं विचारा.

प्रश्न छोटा हवा, आणि त्याचं उत्तर एखादी वस्तू, जागा, आकडा किंवा माणूस असायला हवं. पहिला पगार किती होता आणि त्यातून पहिल्यांदा काय घेतलं? घर सोडून पहिल्यांदा ज्या गावी राहिलात तिथल्या खोलीचं भाडं किती होतं? हाती आलेली कोणती नोकरी घेतली नाही, आणि का? कामातला असा कोणता दिवस, ज्या दिवशी ऊन होतं की पाऊस हेसुद्धा आठवतं? रक्कम आठवायला लागली की तिच्यामागून घरमालक, सायकल, खाणावळ सगळं येतं. ‘काय वाटतं’ असं विचारलं तर ऐकलेली वाक्यंच परत येतात.

घराबद्दल ‘मुलं किती, काय करतात’ हे अजिबात विचारू नका. एकसष्ट-बासष्टच्या वयाच्या ४९ माणसांत जोडीदार गेलेले, विभक्त झालेले, मूल नसलेले, मूल गमावलेले लोक असणारच. त्याऐवजी विचारा: ‘आज रात्री घरी जेवायला कोण कोण असतं?’ एकटा राहणाराही याचं उत्तर देऊ शकतो, आणि ज्याला जास्त सांगायचं असतं तो आपणहून सांगतो.

मैत्रीचा प्रश्न तर सगळ्यात ठोस हवा. बॅचमधल्या कोणाच्या घरी रात्री मुक्काम केलात? दवाखान्यात असताना कोण आलं? उसने पैसे कोणी दिले? घरच्या लग्नात पंगतीला वाढायला कोण उभं होतं? कोणाचा जुना लँडलाइन नंबर अजून पाठ आहे? टिकलेली मैत्री अशाच गोष्टींत सापडते, आणि वाचणाऱ्यालाही तीच खरी वाटते.

साल आठवत नसेल तर सगळ्यांना माहीत असलेली तारीख धरा. २५ जून १९८३ चा विश्वचषक, ३१ ऑक्टोबर १९८४ ची इंदिरा गांधींची हत्या. नागपूरकरांसाठी ३१ ऑक्टोबर १९८७ तर फारच उपयोगी. त्या दिवशी सदरच्या व्हीसीए मैदानावर चेतन शर्मानं हॅट्ट्रिक घेतली आणि गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं एकमेव शतक ठोकलं. ‘त्या मॅचच्या दिवशी कुठं होता, नोकरी लागली होती का?’ एवढं विचारलं की १९८६ ते ८८ हा सगळा काळ जागेवर बसतो. तरीही साल छापण्याआधी मार्कशीट, नेमणूकपत्र किंवा लग्नपत्रिकेवरून पडताळून घ्या. लोकांचा घोळ बहुतेक एक-दोन वर्षांचाच असतो, पण दोघांच्या लेखांत एकाच सहलीची दोन सालं आली की सगळं पुस्तक कच्चं वाटतं.

आता पद्धत. लिहायला सांगूच नका, फोन करा. सात स्वयंसेवक घ्या, प्रत्येकाकडे सात नावं. पण वाटणी आडनावांच्या क्रमानं करू नका. कोण कोणाच्या बाकावर बसायचं, कोणाची रूम शेजारी होती, ते पाहून करा. संपादकाशी माणूस सावरून बोलतो, बाकावरच्या मित्राशी मोकळं बोलतो. एक फोन २०-२५ मिनिटांचा पुरे. स्पीकरवर ठेवा आणि दुसऱ्या फोनच्या रेकॉर्डरनं टिपा. सुरुवातीलाच ‘रेकॉर्ड करतोय, चालेल ना’ असं विचारा, आणि तो होकारही रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या. कूलर-पंखा बंद. कूलरच्या आवाजात अर्धे शब्द जातात आणि ते नंतर कुठल्याही अ‍ॅपनं परत येत नाहीत.

वीस मिनिटांत माणूस दोन हजारांच्या आसपास शब्द बोलतो. त्यातले ३०० ठेवायचे. बोलून टाइप करायची सोय मराठीत आता बरी चालते, पण विरामचिन्हं येत नाहीत आणि आडनावं हमखास चुकतात. म्हणून उतरवणं त्याच दिवशी करा, आवाज कानात ताजा असताना. बोली तशीच राहू द्या. कोणी ‘मी तेव्हा चंद्रपूरला नोकरी करून राहिलो होतो’ म्हणाला असेल तर त्याचं ‘करत होतो’ करू नका. चाळीस वर्षांनी मित्राचा आवाज कागदावर ऐकू येणं, याहून स्मरणिकेनं वेगळं काय द्यायचं?

---

महालकर:
ताई, १७ लोकांचं सांगतो. सगळे फेसबुकवर शोधून राहिले असतील, आणि मुली तिथंच अडकतात, कारण लग्नानंतर आडनाव बदललं आणि बऱ्याच जणींचं तर नावही. म्हणून पहिल्यांदा एक तक्ता करा: तेव्हाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, कॉलेजात असताना राहायची जागा (होस्टेल, खोली, का नातेवाइकाचं घर), जवळचे दोन मित्र, आताचं नाव. यात ‘गाव’ हा रकाना सर्वांत कामाचा. काटोल, उमरेड, वरुड, हिंगणघाटसारख्या ठिकाणी आडनाव आणि वडिलांचं नाव सांगितलं तर किराणा दुकानात किंवा ग्रामपंचायतीत माहेरचं कोणी ना कोणी निघतंच. रविवारी सकाळी एक जण प्रत्यक्ष गेला तर जे काम होते ते महिनाभराच्या मेसेजनं होत नाही.

कॉलेजात जुनं वार्षिक नियतकालिक पाहा. त्यात एनसीसी, स्नेहसंमेलन, खेळ यांचे ग्रुप फोटो नावांसकट असतात. शोधताना संस्थांची तेव्हाचीच नावं टाका. नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव २००५ ला मिळालं. बी.एस्सी. नंतर कोणी पुढं इंजिनिअरिंगला गेलं असेल तर व्हीआरसीई या नागपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं व्हीएनआयटी झालं २००२ ला. कोणी एम.एस्सी. अमरावतीहून केलं असेल तर तिथलं विद्यापीठ १९८३ लाच वेगळं झालं होतं, म्हणून त्याची पदवी नागपूरच्या कागदांत सापडणार नाही. लोक इथंच चुकतात आणि माणूस नापास झाला असं समजून सोडून देतात.

वकील, डॉक्टर झालेल्यांसाठी त्यांच्या परिषदांच्या नोंदणी याद्या पाहा. शिक्षक-प्राध्यापक झालेल्यांसाठी निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटना. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांची निवृत्ती ५८ ला, म्हणजे तुमच्या बॅचचे ते लोक दोन-तीन वर्षांआधीच बाहेर पडले. कार्यालयात फोन केला तर ‘ते आता नाहीत जी’ एवढंच उत्तर येते, आणि विचारणारा घाबरून फोन ठेवतो. ‘निवृत्त झाले का? पेन्शनच्या कामाला कोणाकडे येतात?’ असं पुढं विचारा.

आणि एक गोष्ट काळजीनं. माणूस सापडला म्हणून त्याला सरळ ग्रुपमध्ये टाकू नका. आधी एकानंच फोन करायचा, नंबर बाकीच्यांना द्यायचा का ते विचारायचं. कोणी नको म्हणालं तर नको. एक-दोघं नको म्हणणारच, त्याचं कारण खोदू नये.

---

फुटाळा:
फोटो आणि छपाईचं सांगतो. यातल्या चुका उशिरा कळतात, आणि तेव्हा दुरुस्त करता येत नाहीत.

फोटोचा मोबाइलनं फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं बंद करा. कोन तिरका येतो, ट्यूबलाइट चमकते आणि पाठवताना अ‍ॅप फाइल बारीक करतं. फ्लॅटबेड स्कॅनर वापरा. पोस्टकार्ड आकाराचा फोटो (४×६ इंच) ६०० डीपीआयला (म्हणजे इंचामागे ६०० ठिपके), पासपोर्ट आकाराचा १२०० ला. छापताना लागतात ३०० डीपीआय, म्हणजे ६०० ला स्कॅन केलेला फोटो दुप्पट आकारात छापता येतो आणि १२०० चा चौपट. ओळखपत्रावरचा चेहरा मोठा करायचा असतो म्हणून तिथं जास्त. निगेटिव्ह असेल तर प्रिंटपेक्षा तीच घ्या, पण निगेटिव्ह स्कॅन करणाऱ्या फोटो स्टुडिओत २४०० ते ३२०० ला. ३५ मिमीची एक चौकट ३६×२४ मिमी असते, २४०० ला ती साधारण ३४०० पिक्सेल रुंद येते. अर्ध्या पानाला भरपूर.

मूळ फाइल टिफमध्ये (दर्जा कमी न करणारा फाइलचा प्रकार) ठेवा. ४×६ चा एक रंगीत फोटो ६०० डीपीआयला सुमारे २६ एमबी होतो, ३०० फोटोंचे ८ जीबीच्या आसपास. एक प्रत हार्डडिस्कवर, एक पेनड्राइव्हवर दुसऱ्याच्या घरी, एक गूगल ड्राइव्हवर (मोफत १५ जीबीत मावते). काळे-पांढरे फोटोसुद्धा रंगीत मोडवर स्कॅन करा, डाग काढायला सोपं जातं.

चिकट पानांचे अल्बम त्या काळात घरोघरी होते. त्यातला फोटो नखानं उचलला की कोपरा फाटतो. दात साफ करायचा फ्लॉस किंवा पातळ धागा फोटोखालून करवतीसारखा हळू ओढा. न निघाल्यास पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो कधीही ओढू नका, काचेसकटच स्कॅनरवर ठेवा. फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेनानं लिहिलेली तारीख तिथंच असते.

चेहरे ‘साफ’ करणारी आणि रंग भरणारी अ‍ॅप वापरू नका. ती डोळे, दात, जिवणी नव्यानं रंगवतात. माणूस देखणा होतो, पण तो तुमचा मित्र राहत नाही. ओरखडे आणि डाग हातानं काढा, चेहऱ्याला हात लावू नका.

ग्रुप फोटोतली नावं अशी मिळवा: फोटो ए-४ वर छापा, वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्यावर आकडा टाका, त्याचा फोटो ग्रुपवर पाठवा आणि ‘१४ कोण?’ एवढंच विचारा. दिवसाला पाचच आकडे. एकदम साठ विचारले तर कोणीच उत्तर देत नाही. दोघांनी सांगितलेलं नावच छापायचं. कॉलेजच्या ग्रुप फोटोला खाली नावांची पट्टी असेल तर तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, त्या दिवशी आयत्या वेळी जागा बदललेल्या असतात.

आता पुस्तक. आकार डेमाय १/८ (साडेपाच बाय साडेआठ इंच) ठेवा. प्रत्येकी दोन पानं: ३०० शब्द, एक तेव्हाचा फोटो, एक आताचा. ४९ जणांची ९८ पानं, गेलेल्या सहा जणांना एकेक पान म्हणजे १०४, फोटोंची १६, सुरुवात आणि याद्या मिळून ८. झाली १२८. छपाईचा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं) १६ पानांचा असतो, तेव्हा हे बरोबर ८ फॉर्म होतात. १३० झाली असती तर दोन पानांसाठी नववा फॉर्म लागला असता. पुढचे १७ सापडले की पानं वाढतील, तेव्हा फोटोंच्या पानांत कमी-जास्त करून पुन्हा १६ च्या पटीत आणा.

१०० प्रतींना ऑफसेट परवडत नाही, प्लेटचा खर्चच मोठा असतो. डिजिटल, म्हणजे प्लेटशिवाय फाइलवरून थेट होणारी छपाई घ्या. ऑफसेटचा विचार ३००-५०० प्रतींपासून पुढं. आतला कागद ९० किंवा १०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी) मॅपलिथो, हा न चकाकणारा साधा छपाईचा कागद, म्हणजे फोटो पलीकडे दिसत नाही. फोटोंची १६ पानं १३० जीएसएम आर्ट पेपरवर, मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. १२८ पानांना पिना चालत नाहीत, परफेक्ट बाइंडिंग (पानं पाठीला गोंदानं चिकटवणं) लागतं. म्हणून आतल्या कडेला २० मिमी समास सोडा, नाहीतर ओळींची टोकं पाठीत गडप होतात. अक्षर १२ पॉइंटपेक्षा लहान नको. वाचणारे सगळे साठीपलीकडचे आहेत.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि डीटीपीवाल्याला युनिकोड फाँटच वापरायला सांगा (मुक्त किंवा तिरो देवनागरी मराठी छान दिसतात). बरेच जण अजून जुन्या फाँटमध्ये रूपांतर करून काम करतात. त्यात ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र, ‘कॉ’ची चंद्रकोर आणि रफार सरकतात, आणि एका प्रुफात सगळं सापडत नाही. इंडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम असेल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरी जोडाक्षरं नीट दाखवणारी त्यातली सोय) चालू आहे ना, ते आधी बघा.

तीन छापखान्यांकडून दर मागवा, पण तिघांना हेच सगळं एका कागदावर लिहून द्या. वेगवेगळ्या जीएसएमच्या दरांची तुलना होत नाही.

वेळेचं गणित उलटं मांडा. डिसेंबरात छापखाने कॅलेंडर, डायऱ्या आणि लग्नपत्रिकांत बुडालेले असतात, दिवाळीत कामगार गावी. मजकूर ऑक्टोबरअखेर बंद, प्रुफं नोव्हेंबरात, अंतिम पीडीएफ १० डिसेंबरच्या आत. आधी एकच प्रत छापून बांधून घ्या, पानन्‌पान पाहा, मगच बाकीच्या सांगा.

---

गड्डीगोदाम:
खूप खूप आभार, सगळ्यांचेच. तक्ता आजच करते, आणि फॉर्म बंद करून फोन सुरू करते. अजून दोन अडचणी. गेलेल्या सहा जणांची पानं कोणी आणि कशी लिहायची? आणि एकानं जुन्या भांडणाबद्दल दुसऱ्याचं नाव घेऊन सांगितलं आहे. माफी मागायच्या भावनेनंच सांगितलंय. ते छापावं का?

---

रामदासपेठ:
भांडणाचं आधी. ज्याचं नाव घेतलंय त्याला तो मजकूर दाखवल्याशिवाय छापायचा नाही. हा नियम चांगल्या मजकुरालाही लावा. उसने पैसे देणाऱ्याचं कौतुक छापलं, आणि त्याच्या घरी ते कोणालाच माहीत नव्हतं, असंही होतं. इथं तर माफी आहे. ती पुस्तकात पहिल्यांदा वाचायला लागू नये. लिहिणाऱ्याला सांगा, जानेवारीची वाट न पाहता आताच फोन कर. बोलणं झालं की दोघं मिळून ठरवतील.

गेलेल्यांबद्दल: बातमी दोन वेगळ्या ठिकाणांहून पक्की करा, त्यातलं एक घरचं माणूस असावं. ऐकीव माहितीवर हयात माणसाचं नाव त्या यादीत गेलं तर ते भरून काढता येत नाही. घरी फोन ज्यानं पूर्वी त्या घरात जेवण केलंय त्यानं करावा, इतर कोणी नाही. विचारायच्या गोष्टी तीन: पान छापलेलं चालेल का, कोणता फोटो हवा, आणि भेटीला कोणी येऊ इच्छितं का. गेल्याचं कारण छापायचं नाही. साल पुरे. मजकूर दीडशे शब्द, जवळच्या एका मित्राचा, आणि वर सांगितलेलेच प्रश्न वापरून. ‘मनमिळाऊ होता’ लिहिण्यापेक्षा तो प्रॅक्टिकलच्या वहीत आकृत्या कशा काढायचा, डब्यात काय आणायचा ते लिहा. घरच्यांना, विशेषतः मुलांना, वडिलांचं किंवा आईचं ते वय माहीतच नसतं. छापून झाल्यावर त्या घरी दोन प्रती कोणीतरी स्वतः नेऊन द्याव्यात, कुरिअरनं नको.

ही सहा पानं शेवटी वेगळ्या विभागात टाकायची की अकारविल्हे सगळ्यांच्या मध्ये, हेही ठरवा. माझं मत मध्येच. हजेरीपटावर ती नावं आपल्यामध्येच होती.

---

वर्धा रोड:
भेटीच्या तारखेबद्दल थोडं. जानेवारी बरोबर निवडलात. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की हॉटेलं भरतात आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडतात. पौषात लग्नं नसल्यासारखीच, तेव्हा हॉल सहज मिळतो. लॉन मात्र घेऊ नका. सूर्य कलला की थंडी वाजते, आणि मोकळ्या जागेत ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचे हाल होतात. बंद हॉल, सकाळी ११ ते ४, मेट्रो स्टेशनजवळ. विमानतळ आणि सीताबर्डी एकाच मार्गावर आहेत.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. तारीख त्याच्याही महिनाभर आधी पक्की सांगा, म्हणजे मुंबई-पुण्याचे लोक पहिल्याच दिवशी तिकिटं काढतील.

‘प्रत्येकानं स्टेजवर येऊन पाच मिनिटं बोलावं’ हे करू नका. ४९ गुणिले ५ म्हणजे चार तासांवर. विसाव्या माणसानंतर कोणी ऐकत नाही, आणि ज्यांची पाळी शेवटी येते त्यांना वाईट वाटतं. आठ-आठ जणांची गोल टेबलं लावा, पाऊण तासानं बदला. पहिल्या फेरीला प्रॅक्टिकलच्या बॅचप्रमाणे बसवा, दुसरीला ज्यांची चाळीस वर्षांत गाठच पडली नाही त्यांना एकत्र. छातीवरच्या बिल्ल्यावर कॉलेजातलं नाव मोठ्या अक्षरात, आताचं खाली, आणि शेजारी तेव्हाचा पासपोर्ट फोटो. फुटाळांनी सांगितलेले १२०० डीपीआयचे स्कॅन तिथं उपयोगी पडतील.

पैशासाठी दोघांच्या सहीचं नवीन संयुक्त बचत खातं उघडा, एकाच्या यूपीआयवर घेऊ नका. वर्गणी सगळ्यांना सारखी आणि झेपेल एवढीच. जास्त देणाऱ्यांनी द्यावं, पण रक्कम ना ग्रुपवर यावी ना स्मरणिकेत. ती आली की ज्याला देणं जमत नाही तो तब्येतीचं कारण सांगून येत नाही.

आणि स्मरणिका सकाळी आल्या आल्या वाटू नका, सगळे मान खाली घालून वाचत बसतील. पहिल्या दिवशी संध्याकाळी निघताना द्या. रात्री वाचून होईल, आणि दुसऱ्या दिवशी कोणाशी काय बोलायचं ते प्रत्येकाला माहीत असेल.